ताकद लागते म्हणे

"ऑर्थोपेडिक्स? अगं, त्यात ताकद लागते!"

हाडांची डॉक्टर व्हायचं ठरवलं तेव्हा मला हे शिक्षकांनी ऐकवलं, वर्गमित्रांनी ऐकवलं आणि नात्यातल्या मंडळींनीही. सगळ्यांचा सूर काळजीचा होता. आता मी स्वतः शिकवते, आणि परवा इंटर्नशिप करणारी एक मुलगी हेच वाक्य जसंच्या तसं घेऊन माझ्यासमोर बसली होती. तिला जे सांगितलं ते इथे सविस्तर लिहिते.

आधी ताकदीचा मुद्दा. खुबा निखळलेला धडधाकट माणूस टेबलावर असतो तेव्हा त्याच्या मांडीचे स्नायू असे काही आवळलेले असतात की नुसतं ओढून सांधा जागेवर आणणं पहिलवानालाही अवघड. म्हणून भूल देऊन स्नायू सैल करतात. पुढचं काम तरफेचं. सर्जन आपलं पाऊल टेबलावर टेकवतो, स्वतःचा गुडघा रुग्णाच्या वाकवलेल्या गुडघ्याखाली घेतो, हाताने रुग्णाचा घोटा धरतो आणि आपली टाच उचलतो. पोटरीच्या जोरावर मांडी वर येते आणि सांधा बसतो. खांद्यासाठी याहून सोपी एक रीत आहे. रुग्णाला पालथं झोपवायचं, हात टेबलाच्या कडेवरून खाली सोडायचा, मनगटाला वजन बांधायचं आणि थांबायचं. स्नायू थकून सैल पडतात आणि बऱ्याचदा खांदा आपोआप जागेवर येतो. ड्रिल बॅटरीवर चालतं, पाय ताणून धरणाऱ्या ट्रॅक्शन टेबलाला फिरवायचा दांडा असतो. खरोखर जोर लावायची वेळ आली तर पुरुष सर्जनही मदतीला आणखी एकाला बोलावतोच. या शाखेत लागतं ते शरीररचनेचं पक्कं ज्ञान, कोनांची समज आणि तासन् तास उभं राहण्याची चिकाटी.

हे सगळं माहीत असलेले लोकही मुलींना या शाखेपासून दूर ठेवतात, कारण ताकद हा निव्वळ बोलण्यापुरता मुद्दा आहे. खरा निर्णय दुसरीकडे होतो. अमेरिकेतल्या रूथ जॅक्सन यांचं उदाहरण घ्या. 1933 मध्ये तिथल्या ऑर्थोपेडिक सर्जनांची अकादमी स्थापन झाली. या शाखेत काम करणाऱ्या पुरुषांना सभासदत्व मिळालं, रूथबाईंना मात्र आधी बोर्डाची, म्हणजे तज्ज्ञ म्हणून प्रमाणपत्र देणाऱ्या मंडळाची, परीक्षा द्यायला लावली. 1937 मध्ये त्या ती परीक्षा पास झाल्या आणि बोर्डाचं प्रमाणपत्र मिळवणाऱ्या पहिल्या स्त्री ऑर्थोपेडिक सर्जन ठरल्या. त्याच दशकात कमला सोहोनी, तेव्हाच्या कमला भागवत, बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत संशोधन करायला गेल्या होत्या. पदवी परीक्षेत त्या पहिल्या आल्या होत्या, तरी संचालक सी. व्ही. रामन यांनी स्त्री म्हणून प्रवेश नाकारला. त्या हटल्या नाहीत, तेव्हा एक वर्ष परीक्षेदाखल ठेवू आणि काम पसंत पडलं तरच ते मान्य करू, अशी अट घातली गेली. ती त्यांनी पाळली आणि 1939 मध्ये केंब्रिजची पीएचडी मिळवली. दोघींच्याही बाबतीत ज्ञानाची शंका कुणाला नव्हती. त्यांच्यासाठी एक पायरी वाढवली होती, इतकंच.

आज अशी अट कुणी कागदावर घालत नाही. ती कशी घातली जाते हे 2012 मध्ये अमेरिकेत झालेल्या एका प्रयोगातून चांगलं कळतं. विद्यापीठांतल्या 127 विज्ञान प्राध्यापकांकडे प्रयोगशाळा व्यवस्थापकाच्या पदासाठी एकच अर्ज पाठवला. काही प्रतींवर नाव जॉन, काहींवर जेनिफर. मजकुरात अक्षराचा फरक नव्हता. जॉन अधिक सक्षम ठरला, त्याला देऊ केलेला वार्षिक पगार सरासरी 30,238 डॉलर होता आणि जेनिफरला 26,508. आणि हे स्त्री प्राध्यापकांनीही केलं. माझ्या मते या प्रयोगाचा सर्वांत महत्त्वाचा निष्कर्ष हाच. "आमच्या निवड समितीत बायका आहेत, म्हणजे आमच्याकडे प्रश्नच नाही" असं मला ऐकवतात, तेव्हा मी हा प्रयोग सांगते.

शस्त्रक्रियेच्या शाखांत पगाराच्याही आधी एक गोष्ट येते, ती म्हणजे केस कुणाला मिळते. सर्जनचा हात केसेसवर तयार होतो. मांडीच्या हाडात खिळा घालायला ज्याला मिळतो तो शिकतो. शेजारी उभं राहून रिट्रॅक्टर (जखम उघडी धरायचं साधन) धरणारीचं शिक्षण तिथेच थांबतं. दोन वर्षांनी त्याचा हात बसलेला असतो, तिचा नसतो, आणि तेव्हा "बघा, मुलींचा हात चालत नाही" असं म्हणायला पुरावा तयार होतो. हा पुरावा आपणच, केस वाटता वाटता, रोज थोडा थोडा घडवलेला असतो. याचा मला मनापासून संताप येतो.

अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेमधल्या जीवशास्त्रज्ञ नॅन्सी हॉपकिन्स यांना 1990 च्या दशकात माशांवरच्या प्रयोगांसाठी जास्त जागा हवी होती. आपल्याला पुरुष सहकाऱ्यांपेक्षा कमी जागा मिळाली आहे असं त्या सांगत होत्या, पण कुणी मानेना. शेवटी टेप घेऊन त्यांनी प्रयोगशाळांची मापं घेतली. पुढे इतर स्त्री प्राध्यापकांना सोबत घेऊन केलेल्या कामातून 1999 चा अहवाल आला आणि संस्थेने स्त्री प्राध्यापकांबाबत भेदभाव झाल्याचं मान्य केलं.

आम्ही विभागात तसंच केलं, टेपऐवजी लॉगबुक घेतलं. प्रत्येक रेसिडेंटच्या, म्हणजे विभागात शिकणाऱ्या डॉक्टरच्या, नावापुढे दोनच रकाने मांडले: मुख्य सर्जन म्हणून केलेल्या केसेस आणि असिस्ट केलेल्या केसेस. चित्र स्वच्छ होतं. मुलींकडे प्लास्टर, ड्रेसिंग, डिस्चार्जचे कागद आणि नातेवाइकांशी बोलणं जास्त. खिळे आणि प्लेट्स मुलांकडे जास्त. यादी बनवणारे आमचे सहकारी सज्जन गृहस्थ आहेत, त्यांना ते आकडे बघून वाईट वाटलं. त्यांच्या डोक्यात एकच हिशेब असायचा, की रात्री उशिरापर्यंत कोण थांबेल, आणि उत्तर म्हणून मुलांचीच नावं समोर यायची. मुलींना कुणी विचारलंच नव्हतं. आता केसेस पाळीने लागतात आणि ज्याची पाळी असेल तो किंवा ती स्क्रब होते, म्हणजे हात धुऊन ऑपरेशनला उभी राहते. ज्याला बदल करायचा असेल त्याने सर्जनच्या नावासकट कारण लिहायचं. गंमत म्हणजे कारण लिहावं लागतं म्हटल्यावर बदल फारसे होतच नाहीत.

नावच दिसलं नाही तर काय होतं याचंही एक उदाहरण आहे, आणि ते मला फार आवडतं. अंतराळातल्या हबल दुर्बिणीचा वेळ मिळावा म्हणून जगभरचे खगोलशास्त्रज्ञ प्रस्ताव पाठवतात. वर्षानुवर्षं पुरुषांच्या प्रस्तावांना यश किंचित जास्त मिळत होतं. 2018 मध्ये परीक्षकांपासून अर्जदारांची नावं लपवली, तेव्हा पहिल्यांदाच स्त्रियांच्या नेतृत्वाखालच्या प्रस्तावांचं यशाचं प्रमाण पुरुषांपेक्षा थोडं वर गेलं. स्त्रियांसाठी आत्मविश्वासाचं शिबिर कुणी घेतलं नव्हतं. बदलली ती निवडीची रीत.

हाक मारण्याबद्दल थोडंसं. मी राऊंडवर रुग्णाला ऑपरेशन समजावून सांगते आणि शेवटी नातेवाईक विचारतात, "सिस्टर, डॉक्टरसाहेब कधी येतील?" नर्सचं काम मला वंदनीय आहे, त्या हाकेचं दुःख नाही. पण त्या घरच्यांनी माझं सांगणं डॉक्टरचं म्हणून ऐकलेलंच नसतं, आणि संमतीपत्रावर सही करताना त्यांना काहीच आठवत नाही. यात रुग्णाचं नुकसान आहे. डॉक्टरांची आपापसातली सवयही तशीच. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात वैद्यकीय व्याख्यानांच्या ध्वनिचित्रफिती तपासल्या, तेव्हा पुरुष डॉक्टर पुरुष वक्त्याची ओळख करून देताना 72 टक्के वेळा 'डॉक्टर' म्हणाले, स्त्री वक्त्याची ओळख देताना 49 टक्के वेळा. आमच्याकडे आता राऊंड सुरू होताना सर्वांत वरिष्ठ व्यक्ती प्रत्येकाची ओळख पद आणि पूर्ण नाव घेऊन करून देते. अर्धा मिनिट जातो.

सर्वांत अवघड प्रकार मात्र प्रेमाने केलेल्या अडवणुकीचा. आमची एक रेसिडेंट गरोदर राहिली तेव्हा तिला न विचारता सी-आर्म (ऑपरेशन चालू असताना एक्स-रे दाखवणारं यंत्र) लागणाऱ्या सगळ्या केसेसमधून तिचं नाव काढलं. "तुझ्या भल्यासाठीच गं." एक्स-रेचा धोका खरा आहे आणि त्याबाबत मी जराही सूट देणार नाही. पण म्हणूनच तो मोजायची सोय आहे. आंतरराष्ट्रीय शिफारशीनुसार गरोदरपण कळवल्यापासून प्रसूतीपर्यंत बाळापर्यंत पोहोचणारा किरणांचा जादा डोस साधारण 1 मिलिसिव्हर्टच्या आत ठेवायचा. पोटापाशी, शिशाच्या एप्रनच्या आत, वेगळा डोसिमीटर (डोस मोजणारं उपकरण) लावला की आकडा समोर असतो. एक्स-रेच्या नलिकेपासून अंतर वाढवणं, फ्लुरोस्कोपीचा, म्हणजे सलग एक्स-रे बघण्याचा, वेळ कमी ठेवणं, स्क्रीनआड उभं राहणं, हे तर सगळ्यांनीच करायला हवं. एप्रनचंही बघायला हवं. पुरुषी मापाचा ढगळ लेड एप्रन बाईच्या काखेपाशी उघडा राहतो आणि स्तनाचा वरचा बाहेरचा भाग झाकला जात नाही, नेमका तोच भाग जिथे स्तनाचे कर्करोग सर्वाधिक आढळतात. गरोदर नसलेल्या बाईची ही काळजी इतकी वर्षं कुणाला सुचली नव्हती. लहान मापाचे, काख झाकणारे एप्रन मी मागवून घेतले, आणि आता बारीक अंगाचे मुलगेही तेच उचलतात.

त्या रेसिडेंटशी मी आणि विकिरण सुरक्षा अधिकारी एकत्र बसून बोललो. धोका काय, मर्यादा काय, कुठल्या केसेसमध्ये सी-आर्म कमी लागतो, हे सगळं तिच्यापुढे ठेवलं आणि निर्णय तिच्यावर सोडला. तिने मणक्याच्या आणि लांब चालणाऱ्या नेलिंगच्या (हाडात खिळा घालण्याच्या) केसेस सोडल्या, हाताच्या आणि मनगटाच्या ठेवल्या. डोसिमीटरचं रीडिंग दर महिन्याला ती स्वतः तपासते. पुढच्या यादीत मनगटाच्या प्लेटिंगपुढे मुख्य सर्जन म्हणून तिचं नाव आहे आणि मी तिला असिस्ट करणार आहे.