लिफ्टमधले पाच सेकंद

सकाळी कामावर गेले तर टेबलावर एक खोकं ठेवलेलं. आत प्रेक्षकांची कार्डं. डीव्हीडीच्या डबीत आम्ही एक छोटं कार्ड घालायचो: सिनेमा कसा वाटला, चित्र आणि आवाज ठीक होता का, आणखी काही सांगायचंय का. बहुतेक लोक ते कार्ड टाकून देतात. या एका विनोदी सिनेमाची मात्र खोकंभर कार्डं परत आली होती, आणि वरवर चाळली तरी दिसत होतं की लोकांचं कशावरच एकमत नाही. 'पोट धरून हसलो' आणि 'पैसे परत द्या' ही दोन कार्डं एकावर एक पडली होती.

मी तेव्हा होम व्हिडिओच्या एका कंपनीत क्यूसीला, म्हणजे गुणवत्ता तपासणीला होते. डिस्क छापायला जाण्याआधी तिची चेक डिस्क येते, ती पहिल्या फ्रेमपासून शेवटपर्यंत बघायची. चित्र कुठे फाटतंय का, आवाज ओठांच्या मागेपुढे होतोय का, मेनूवरचं बटण जिथे न्यायला हवं तिथेच नेतंय का, सबटायटल वेळेवर येतायत का. शीटवर सही केली की डिस्क पुढे जाते. त्यानंतर तिच्यात काही बदलता येत नाही.

सिनेमाचं नाव सांगत नाही, गोष्ट सांगते. एका कार्यालयातले दोन सहकारी, दोघांची नोकरी सारख्याच वर्षांची, वरची एक जागा रिकामी होते आणि दोघांनाही ती हवी असते. मारामाऱ्या नाहीत, धावपळ नाही. सगळं चालतं ते मीटिंगमधल्या बसण्याच्या जागेवरून, ईमेलमध्ये कोणाचं नाव आधी यावरून, एकमेकांचं पेन उचलून नेण्यावरून. विनोद हळू शिजणारा.

आमच्या विभागातही तेव्हा एक जागा रिकामी होणार होती. शेजारच्या टेबलावर सबटायटल करणारा माझा सहकारी आणि मी, दोघांचीही नावं चर्चेत होती. पुढे ती जागा त्याला मिळाली, ती त्याच्याच योग्यतेची होती. पण त्या दिवशी ते ठरलेलं नव्हतं, आणि आम्ही दोघं कामापुरतंच बोलत होतो.

मॅडमनी सांगितलं, "संध्याकाळपर्यंत मला तीन गठ्ठे करून दे. आवडला, नाही आवडला, आणि डिस्कमध्येच दोष. दुसरी खेप छापायची की नाही ते त्यावरून ठरवू."

दोषांचा गठ्ठा सगळ्यात आधी झाला. त्यातल्या बऱ्याच तक्रारी खरं तर दोष नव्हते. एकाने मोठ्या रागाने लिहिलं होतं की डबीवर शंभर मिनिटं छापलंय आणि सिनेमा शहाण्णव मिनिटांत संपला, कात्री कुठे लावलीत ते सांगा. कात्री कुठेच लावली नव्हती. थिएटरमधला सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमनी चालतो, टीव्हीच्या पाल पद्धतीसाठी केलेल्या डिस्कवर तोच २५ फ्रेमनी चालवतात. सगळं चार टक्के भराभर होतं, म्हणून शंभराची शहाण्णव मिनिटं होतात. डबीवर मूळ लांबी छापणं ही मात्र आमची चूक होती, आणि त्या माणसाला नीट उत्तर मिळायला हवं असं मला तेव्हाही वाटलं.

आवाजाची तक्रार जास्त कार्डांवर होती. संवाद ऐकू येत नाहीत म्हणून आवाज वाढवावा, तर लगेच संगीत अंगावर येतं. हे होणारच. ५.१च्या, म्हणजे सहा स्पीकरांसाठी केलेल्या मिश्रणात संवाद जवळजवळ सगळे मधल्या स्पीकरमधून येतात. घरच्या टीव्हीला मधला स्पीकर नसतो, मग तो आवाज डाव्या-उजव्यात वाटून दिला जातो आणि बाकीच्या गलक्यात हरवतो. थिएटरसाठी केलेलं मिश्रण रात्री, घरातली माणसं झोपलेली असताना, टीव्ही बारीक करून ऐकणाऱ्याला पुरत नाही. विनोदी सिनेमात तर पुटपुटलेलं वाक्यच महत्त्वाचं असतं.

मग नावडलेल्यांचा गठ्ठा. इथे मी रेंगाळले. एकाच सिनेमावर माणसं इतकी वेगवेगळ्या कारणांनी नाराज होऊ शकतात हे मी तोवर इतकं जवळून पाहिलं नव्हतं.

काही जणांना मुखपृष्ठाने फसवलं होतं. डबीवर ते दोघे बॉक्सिंगचे हातमोजे घालून एकमेकांसमोर उभे आहेत. सिनेमात हातमोजे कुठेच नाहीत. हाणामारीची गंमत बघायला बसलेल्या माणसासमोर दीड तास फायली आणि टोमणे आले तर तो चिडेलच. ही नाराजी सिनेमावरची नव्हती, आम्ही दिलेल्या आश्वासनावरची होती.

काही जणांना सिनेमा झोंबला होता. एकीने लिहिलं होतं, "यात हसण्यासारखं काय आहे? माझी बढती अशीच गेली." एवढंच. कार्डावर पुष्कळ जागा होती, ती कोरी ठेवली होती. ते कार्ड मी नावडलेल्यांत ठेवलं, मग उचललं, मग पुन्हा तिथेच ठेवलं. सिनेमा तिला आवडला नव्हता, पण तो तिच्याइतका कोणालाच कळला नव्हता.

एका कार्डावर दोन हस्ताक्षरं होती, बहुधा नवरा-बायकोची. वर निळ्या शाईत, "शेवट चुकीचा आहे, जिंकणाऱ्याला शिक्षा व्हायला हवी होती." खाली काळ्या शाईत, "शेवट अगदी बरोबर आहे. हे साहेब स्वतः जिंकलेले आहेत, म्हणून असं म्हणतात." एकाच सोफ्यावर बसून, एकाच संध्याकाळी पाहिलेला सिनेमा.

आणि एकट्याने पाहणारे. 'बरा आहे, पण हसू आलं नाही' असं लिहिणाऱ्या पुष्कळांच्या मजकुरावरून कळत होतं की त्यांनी तो एकट्याने पाहिला. रॉबर्ट प्रोव्हाइन या अमेरिकन शास्त्रज्ञाने हसण्याचा बराच अभ्यास केला. त्याला असं आढळलं की माणूस एकटा असताना हसतो त्याच्या सुमारे तीसपट चारचौघांत हसतो. थिएटरमध्ये मागच्या रांगेतला कोणीतरी आधी हसतो आणि आपल्याला परवानगी मिळते. घरात ती मिळत नाही. पण घरातली डिस्क दुसऱ्यांदा लावता येते, आणि कार्यालयावरच्या विनोदाला ते मानवतं. माइक जजचा 'ऑफिस स्पेस' १९९९ मध्ये थिएटरांत फारसा चालला नव्हता. व्हिडिओवर आणि टीव्हीवर लोकांनी तो पुन्हा पुन्हा पाहिला, एकमेकांना दाखवला. त्यातला लाल स्टेपलर सिनेमासाठी मुद्दाम रंगवलेला होता, आणि प्रेक्षकांनी इतका मागितला की पुढे स्टेपलरच्या कंपनीने खरोखर लाल स्टेपलर बाजारात आणला. म्हणून पहिल्याच कार्डांवरून दुसरी खेप रद्द करू नये असं मी मनात ठरवत होते, आणि तसं लिहिणारही होते.

दुपारी आवडलेल्यांचा गठ्ठा वाचायला घेतला तेव्हा हाताला काहीतरी लागलं.

आवडलेल्यांपैकी कित्येकांनी एकाच प्रसंगाचं नाव घेतलं होतं. लिफ्ट. 'लिफ्टच्या प्रसंगाला उठून टाळ्या वाजवल्या.' 'लिफ्टमध्ये जे होतं त्यासाठी सगळं माफ.' माझ्या डोक्यात होतं, नावडलेल्यांच्या गठ्ठ्यातही लिफ्ट होतीच की. मी तो पुन्हा उपसला. होती. 'लिफ्टच्या प्रसंगाचं इतकं कौतुक ऐकलं होतं, पण काय होणार ते आधीच कळतं.' 'विनोद आधीच ओळखू येतात, उदाहरणार्थ लिफ्ट.' आणि एका कार्डावर, ज्याच्यामुळे माझ्या पोटात गोळा आला, "सबटायटल लावून पाहिला. लिफ्टमध्ये काय गंमत होती ते मित्राने दुसऱ्या दिवशी समजावून सांगितलं."

प्रसंग असा. जागेचा निकाल लागलाय. संध्याकाळी दोघे लिफ्टमध्ये एकत्र सापडतात. जिंकलेला मोठ्या मनाने म्हणतो, "आता आपल्यात काही बाकी राहू नये." हरलेला काहीच बोलत नाही. वर मजल्यांचे आकडे उतरत जातात. सात, सहा, पाच. त्याचा चेहरा हलत नाही. वाटतं, हा आता रडेल किंवा ठोसा मारेल. दार उघडायच्या क्षणी तो हात पुढे करतो आणि म्हणतो, "पेन." पहिल्या प्रसंगात चोरलेलं पेन. लगेच कट, पुढचा प्रसंग सुरू.

मी डिस्क लावली, सबटायटल चालू केली, लिफ्टवर गेले. जिंकलेला बोलायला लागला आणि खाली दोन ओळी उमटल्या:

– आता आपल्यात काही बाकी राहू नये.
– पेन.

एकदम, एकाच चौकटीत. वरचे आकडे सातावर होते आणि 'पेन' खाली लिहिलेलं होतं. सात, सहा, पाच, आणि माझे डोळे त्या एका शब्दावर खिळलेले. त्या माणसाच्या चेहऱ्याकडे बघायचं काही कारणच उरलं नव्हतं. जवळजवळ पाच सेकंदांची ती शांतता, जिच्यासाठी अख्खा सिनेमा रचलाय, आम्ही कापून टाकली होती. एकही फ्रेम न कापता.

सबटायटल माझ्या सहकाऱ्याने केली होती. माझ्या मनात पहिला विचार आला तो हाच, आणि तो सुखाचा होता, हे मी लपवत नाही. शेवटी सबटायटलकाराच्या श्रेयात त्याचं नाव होतं. मॅडमना नुसता दोष दाखवला असता तर पुढचं त्यांनीच समजून घेतलं असतं.

मग मी माझी क्यूसी शीट काढली. वेळेच्या रकान्यापुढे माझ्याच अक्षरात होतं: 'सलग दोन सबटायटल, दुसरं एक सेकंदाहून कमी, एकत्र केलं.'

एक शब्द बोलला जातो आणि लगेच कट, म्हणजे सबटायटल अर्ध्या सेकंदापुरतंच दिसणार. एक सेकंदाच्या आतलं सबटायटल ठेवायचं नाही, डोळा ते पकडत नाही. आणि दोघांचं बोलणं जवळजवळ असेल तर दोन ओळी करून एका चौकटीत घालायचं, सात सेकंदांच्या वर जाऊ द्यायचं नाही. ते सातांत बसत होतं. सगळे नियम मी पाळले होते. प्रसंग मी आवाज बंद करून, वेळेचे आकडे बघत तपासला होता.

शीटच्या मागे त्याची चिठ्ठी टाचलेली होती. मी ती तेव्हा वाचली होती, विसरले नव्हते. 'लिफ्टमधलं पेन सुटं ठेव. आधी दिसलं तर मेलं. कटच्या पुढे थोडं सांडलं तरी चालेल.' दुसऱ्या कोणी लिहिली असती तर मी एकदा आवाज लावून प्रसंग पाहिला असता. त्याने लिहिली होती, आणि क्यूसीत शेवटचा शब्द माझा आहे हे मला दाखवायचं होतं. म्हणून मी ती पिनेला लावून बाजूला केली.

चिठ्ठी आणि शीट घेऊन मी आधी त्याच्याकडे गेले. काय बोलायचं ते ठरलं नव्हतं. नुसती चिठ्ठी समोर ठेवली आणि म्हटलं, "तुझं बरोबर होतं. मी जोडलं ते." त्याने चिठ्ठी पाहिली, मग माझ्या हातातली कार्डं मागितली. लिफ्टची सगळी कार्डं त्याने एकेक करून वाचली, दोन्ही गठ्ठ्यांतली. मित्राने समजावून सांगितलेल्या कार्डावर तो बराच वेळ थांबला.

"याला काही तरी उत्तर पाठवायला हवं," तो म्हणाला. माझ्याबद्दल काहीच बोलला नाही.

मॅडमना मी सगळं सांगितलं, चिठ्ठीसकट. त्यांनी विचारलं, "छापलेल्या डिस्कमध्ये काही करता येईल?" येत नव्हतं. डीव्हीडीवर सबटायटल अक्षरांच्या रूपात नसतात, प्रत्येक चौकट म्हणजे चित्रावर ठेवलेलं एक छोटं चित्र असतं, ते डिस्कवर कायमचं कोरलं जातं. बदलायचं तर ऑथरिंग, म्हणजे डिस्कची जुळणी पुन्हा, साचा जिच्यावरून निघतो ती काच, ग्लास मास्टर पुन्हा, साचा पुन्हा. म्हणजे दुसरी खेप काढली तरच. "मग रिपोर्टमध्ये तसंच लिही," त्या म्हणाल्या. "आणि नावडलेल्यांतून ही कार्डं वेगळी काढ. ती सिनेमाच्या खात्यावर नकोत."

ती वेगळी काढल्यावरही नावडलेल्यांचा गठ्ठा काही संपला नाही. हातमोजेवाले राहिले, बढती गेलेली बाई राहिली, निळी शाई राहिली. राहायलाच हवी होती. सिनेमा पाहून ज्याला वाईट वाटलं त्याचं मत त्याचं आहे. पण लिफ्टवाल्यांनी सिनेमा पाहिलाच नव्हता, मी तो त्यांच्यापर्यंत पोचू दिला नव्हता. त्यांचा चौथा गठ्ठा झाला आणि रिपोर्टमध्ये त्याच्यासमोर मी माझं नाव लिहिलं.

दुसरी खेप मंजूर झाली, मुखपृष्ठ बदलून आणि डबीवर खरी मिनिटं छापून. नवी चेक डिस्क आली त्या दिवशी मी त्याला बोलावलं. आवाज लावला. "आता आपल्यात काही बाकी राहू नये." ओळ उमटली आणि पुसली गेली. खाली नुसतं लिफ्टचं राखाडी दार. सात, सहा, पाच. मी त्या चेहऱ्याकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं. तो माणूस एकदा गिळतो. कित्येकदा डिस्क चालवून ते मला दिसलं नव्हतं.

"पेन."

शब्द कटच्या पुढे जेमतेम अर्धा सेकंद सांडला. मला हसू आलं. त्याने मागे नेऊन पुन्हा लावलं, या वेळी पडद्याकडे न बघता वेळेच्या आकड्यांकडे बघत.

"दोन फ्रेम आणखी," तो म्हणाला, "मग सही कर."