"बाळाला होणार का?"

मी समुपदेशक आहे. गरोदर बाईचा एचआयव्ही रिपोर्ट पॉझिटिव्ह आला की तिचा पहिला प्रश्न बहुधा स्वतःबद्दल नसतोच. "बाळाला होणार का हो?" एवढंच.

मी आधी आकडे सांगते, धीर नंतर देते. काहीच उपचार घेतले नाहीत, तर गर्भात, बाळंतपणात किंवा अंगावरच्या दुधातून लागण होण्याची शक्यता 15 ते 45 टक्के. एआरटीच्या, म्हणजे एचआयव्हीला दाबून ठेवणाऱ्या औषधांच्या गोळ्या रोज घेतल्या आणि रक्तातला विषाणू तपासणीत सापडेनासा झाला, तर ती 1 टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून कमी. एचआयव्ही आहे म्हणून सिझेरियनच हवं असंही नाही.

खरा गोंधळ बाळाच्या तपासणीचा. आईच्या अँटीबॉडी (विषाणूशी लढायला शरीर तयार करतं ती प्रथिनं) वारेतून बाळाकडे जातात आणि 18 महिन्यांपर्यंत टिकू शकतात. त्यामुळे तान्ह्याची नेहमीची, म्हणजे अँटीबॉडीच शोधणारी तपासणी पॉझिटिव्ह आली, तरी बाळाला लागण झाली असा अर्थ होत नाही. (हे आजीला समजावणं सगळ्यात अवघड!) प्रत्यक्ष विषाणू शोधणारी पीसीआर तपासणी साधारण 4 ते 6 आठवड्यांनी होते, स्तनपान थांबल्यावर पुन्हा करावी लागते. मधल्या काळात बाळाला लागण होऊ नये म्हणून दिलेलं औषध डॉक्टरांनी सांगितलंय तितके दिवस चुकवायचं नाही. आईच्या गोळ्या तर आयुष्यभर.

आणि नवरा? त्याचीही तपासणी हवी. सुरुवातीला निगेटिव्ह असलेल्या बाईला गरोदरपणातच लागण झाली, तर तेव्हा विषाणूचं प्रमाण फार असतं, बाळाला धोकाही जास्त. म्हणून शेवटच्या तिमाहीत मी तपासणी पुन्हा करायला सांगते. काहींना राग येतो. येऊ दे.