आमची वाटचाल : आधी स्लो जोडा, मग स्पीड वाढवा

काटोल, कळमेश्वर, वरुडकडच्या संत्र्याच्या बागांत ड्रिपचे पंप आणि वॉल्व चालवणारे कंट्रोलर आम्ही बनवतो. बोर्ड आमचा, प्रोग्राम आमचा, डबा तेवढा बाहेरून घेतो. सुरुवात नागपुरात घराच्या वरच्या खोलीत झाली, मी आणि कॉलेजचा मित्र असे दोघंच, आता हिंगणा एमआयडीसीत भाड्याची शेड आहे आणि अकरा जण आहोत. ऑर्डरी कशा वाढल्या ते नंतर कधीतरी लिहीन, आज डिबगरच्या (चिपला जोडून तिच्यातला प्रोग्राम भरायचं-तपासायचं यंत्र) क्लॉकबद्दल, म्हणजे ते चिपशी किती वेगाने बोलतं त्याबद्दल लिहितो, कारण आमचा माल जितक्या वेळा अडकला त्यातल्या निम्म्या वेळा तिथेच अडकला.

पहिले बोर्ड एटीमेगा या छोट्या प्रोसेसर चिपवर होते. एकदा बर्डीच्या बाजारातून वीस चिप आणल्या आणि एकही बोलूनच नाही राहिली, जुने बोर्ड मात्र त्याच प्रोग्रामरवर (चिपमधे प्रोग्राम भरायचं यंत्र) व्यवस्थित चालत होते, मग आम्ही ठरवूनच टाकलं की माल डुप्लिकेट आहे आणि परत करायला गेलो. दुकानातले काका काही बोलले नाहीत, त्यांनी त्यातलीच एक चिप घेतली, स्वतःच्या प्रोग्रामरमधे बसवली आणि ती पहिल्याच झटक्यात वाचली. फरक एवढाच होता की त्यांचा स्पीड कमी होता. कोरी एटीमेगा आतल्या ८ मेगाहर्ट्झवर चालते पण आठने भागायचा फ्यूज (चिपच्या आतली सेटिंग) लागलेला असतो, म्हणजे हातात येते ती १ मेगाहर्ट्झची चिप, आणि प्रोग्रामिंगचा क्लॉक चिपच्या क्लॉकच्या पाव भागापेक्षा कमी लागतो, म्हणजे २५० किलोहर्ट्झच्या आत. आम्ही ५०० वर बसलो होतो. जुने बोर्ड चालायचे कारण त्यांचे फ्यूज बदलून ते आधीच १६ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलवर (चिपला बाहेरून क्लॉक देणारा भाग) गेलेले होते. काकांची माफी मागितली आणि वीसच्या वीस चिप घेऊन परत आलो.

पुढे एलपीसी २१४८ ही चिप घेतली, एआरएम७ कोरवाली (कोर म्हणजे चिपच्या आतला मुख्य प्रोसेसर), आणि तिथे हीच गोष्ट वेगळ्या तोंडाने आली. या कोरमधे जेटॅगचा, म्हणजे डिबगर जोडायच्या तारांचा क्लॉक कोरच्या क्लॉकच्या एक षष्ठांशाच्या वर जाऊ शकत नाही. आमचा प्रोग्राम पीएलएल (क्लॉक वाढवणारं आतलं सर्किट) चालू करून ६० मेगाहर्ट्झवर पळायचा म्हणून ४ मेगाहर्ट्झ ठेवला होता, चालत्या बोर्डला डिबगर जोडला की सगळं छान, पण रिसेट देऊन थांबवला की कनेक्शन गेलंच समजा. तीन रात्री त्यात गेल्या. रिसेटनंतर पीएलएल बंद असतो, चिप १२ च्या क्रिस्टलवर येते, बाराचा सहावा हिस्सा २. बस, एवढंच होतं. या चिपला परतीचा क्लॉक द्यायची पिन आहे, ती जोडली असती तर डिबगरने स्वतःच चिपच्या चालीने घेतलं असतं, पण आम्ही ती कनेक्टरपर्यंत आणलीच नव्हती. त्यानंतरच्या प्रत्येक एआरएम७ बोर्डवर ती आणली.

एसटीएम३२ या चिपवर आल्यावर वाटलं सुटलो, कारण त्याचा दोन तारांचा डिबग पोर्ट आपल्याच क्लॉकवर चालतो, तो सहाचा हिशोब तिथे नाही. टेबलावर ४ मेगाहर्ट्झ मस्त चालायचं. मग शेडमधे जिग (बोर्ड बसवून प्रोग्राम भरायचा साचा) बसवला, त्याला हात-सव्वा हाताची राखाडी रिबन केबल लावली, आणि प्रॉडक्शनच्या ताई रोज सांगायच्या, दादा दहातले तीन फेल होऊन राहिले. मी म्हटलं स्पीड १०० किलोहर्ट्झ करा, तरी एखाददुसरा बोर्ड अडायचाच. शेवटी स्कोप (सिग्नलचा आलेख दाखवणारं यंत्र) लावला, बघतो तर क्लॉकची धार, म्हणजे ठोक्याचा चढ, वर चढता चढता मधेच खाली वळायची आणि परत चढायची, चिप एकाच्या जागी दोन ठोके मोजत होती. स्पीड कितीही कमी केला तरी धार तितकीच तीक्ष्ण राहते, म्हणून नुसतं स्लो करून ते जात नव्हतं. केबल वीतभर केली, सिग्नलच्या प्रत्येक तारेशेजारी ग्राउंडची तार घेतली, प्रोग्रामरच्या तोंडाशी ३३ ओहमचा रेझिस्टर टाकला, तेव्हा थांबलं.

जिगवर आता १ मेगाहर्ट्झ कायम आहे. नवीन मुलं विचारतात, वाढवायचा का, टाइम वाचेल. त्यांना मी हिशोब करून दाखवतो : ६४ केबीचा प्रोग्राम त्या तारांवरून १ मेगाहर्ट्झने पाऊण सेकंदाच्या आसपास जातो, आणि चिपला तो स्वतःच्या फ्लॅशमधे (आतल्या कायमच्या मेमरीत) लिहायलाच दीड-पावणेदोन सेकंद लागतात, मग चौपट स्पीडने अर्धा सेकंद वाचवून दिवसाला दोन बोर्ड फेल कशाला करायचे.

गेल्या वर्षी मातीतला ओलावा मोजणारा बॅटरीचा बोर्ड केला, तो बहुतेक वेळ झोपलेलाच असतो आणि झोपेत डिबगरला ओच देत नाही, तिथे स्पीड कमी करूनही उपयोग नाही कारण आतला क्लॉकच बंद. रिसेट दाबून धरायचा, तशातच जोडायचं, मग सोडायचा. ताईंना हे एकदाच दाखवलं, आता त्या रिसेटच्या बटणावर अंगठा ठेवूनच बोर्ड जिगमधे बसवतात.