घराबरोबरच आली का?

रविवार, रात्री उशिरा

“घराबरोबरच आली का ही?”

एवढंच विचारलं त्या माणसाने. हेतू वाईट नव्हता, हे मी शपथेवर सांगेन. शेजारच्या रॉनच्या गराज सेलला आला होता, आमच्या गराजचं दार वर आणि आत माझी जुनी लाकडी बोट दिसली म्हणून डोकावला. बाहेरूनच म्हणाला, “रिव्हिएरा. अठरा फुटी. बावन्नची?” मी हरखलोच. आमच्याकडे डोकावणारे बहुतेक लोक विचारतात, ‘चालते का?’ नाहीतर ‘पाण्यात कधी?’ आणि हा बघताक्षणी साल सांगतोय. पटाशी खाली ठेवून त्याला आत बोलावलं. त्याने टोपी काढली, नाळेवरून, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावरून, हात फिरवला, इंजिनाच्या खणात वाकून बघितलं. आणि मग हा प्रश्न.

मी म्हटलं, नाही, विकत घेतली. तो म्हणाला, अच्छा. मग म्हणाला, जागा मोकळी करायची असेल तर कळवा, इंजिन आणि क्रोमचं सगळं सामान मी उचलेन, अडीच हजार डॉलर देईन, लाकडात आता फारसं काही राहिलेलं नाही. कागदावर फोन नंबर लिहून तो पान्याखाली ठेवला, हात मिळवला आणि गेला.

तेव्हापासून डोकं ठिकाणावर नाही. जेवताना मेधाने विचारलं काय झालंय, मी म्हटलं काही नाही. आता ती झोपायला गेली आहे आणि मी वही काढून बसलोय. टोचलं नक्की काय, ते एकदा कळू दे.

पैसे तर नक्कीच नाहीत. लाकडी बोटीत घातलेले पैसे परत येत नसतात, हे हात घातला तेव्हाच माहीत होतं. ज्यांचं लहानपण या बोटींत गेलं ते लोक म्हातारे झाले आणि त्यांच्या नातवंडांना जेट स्की हवी, तर भाव कुठून येणार? इंजिनाचे आणि क्रोमचे तेवढे पैसे होतात हेही खरं. सहा सिलिंडरचं के इंजिन, ९५ अश्वशक्तीचं, ब्लॉक हर्क्युलिस कंपनीचा. जरा निगा ठेवली तर मरत नाही ते. माणूस व्यवहाराचं बोलला, आणि बरोबर बोलला.

मग ‘लाकडात काही राहिलेलं नाही’ हे लागलं असेल. हो, हे लागलंच.

मागच्या हिवाळ्यात अख्खी बोट उलटी करून तळ काढला. माझी रिव्हिएरा क्रिस-क्राफ्ट कंपनीची, आणि त्यांच्या जुन्या लाकडी बोटींचा तळ दुहेरी असतो, आतल्या फळ्या तिरक्या, बाहेरच्या लांबीने, आणि दोन्हींच्या मध्ये कॅनव्हास. कारखान्यात घातलेला तो कॅनव्हास इतक्या वर्षांनी भिजल्या पापडासारखा हातात आला. खालचे ओकचे वाक, म्हणजे बोटीच्या फासळ्या, काही ठिकाणी नखाने उकरता येत होते. सगळा तळ नवा घातला, कॅनव्हासच्या जागी ५२००, म्हणजे ते पांढरं पॉलियुरेथेन, जे पुरतं सुकायला आठवडा घेतं आणि बोटांना लागलं की बोटांवरच राहतं. कर्मठ मंडळी याला नाक मुरडतात. त्यांच्या मते कॅनव्हास तो कॅनव्हास, बोट दर वसंतात पाण्यात फुगवायची, फळ्या फुगून सांधे बंद होईपर्यंत पंप चालू ठेवून काठावर बसायचं. बसोत बापडे. माझी गळणार नाही. बहुतेक.

आणि बाजूच्या फळ्या. जुने स्क्रू पितळी होते, त्यातलं जस्त निघून गेलेलं, म्हणून रंगाला गुलाबी आणि ताकदीला शून्य. पेचकस फिरवला की डोकं हातात, धड आत. सगळे काढून सिलिकॉन ब्राँझचे घातले. प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावर महॉगनीचं एक बूच, करंगळीच्या नखाएवढं. तो माणूस आला तेव्हा माझं हेच चाललं होतं. बूच व्हार्निशमध्ये बुडवायचं, गोंदात नाही, कारण पुढेमागे कुणालातरी ते परत उपसायला लागणार. त्याच्या रेषा फळीच्या रेषांशी जुळतील असं फिरवून बसवायचं आणि लाकडी हातोडीने टपली द्यायची. सुकलं की वर राहिलेला भाग पटाशीने छाटायचा, पण एकदम मुळाशी नाही. आधी वरच्यावर एक काप घेऊन रेषा कुठल्या बाजूला उतरते ते बघायचं. ती फळीत शिरत असेल तर पलीकडून यायचं. घाई केली तर बूच पातळीच्या खाली तुटतं, आणि त्यावर व्हार्निशचे कितीही हात मारा, ऊन तिरपं पडलं की खळगा दिसणार. अख्खी दुपार बसावं तेव्हा कुठे एक फळी होते.

आणि याला म्हणे लाकडात काही नाही.

बरं, दिसणार तरी कसं? स्टेन, म्हणजे लाकडात जिरवायचा रंग, तो नाही, व्हार्निश नाही. उघडी महॉगनी फिक्कट आणि डागाळलेली दिसते. भुसा सगळीकडे, सीट भिंतीला टेकवलेल्या, डॅशबोर्डच्या जागी भोकं. परक्याच्या गराजमध्ये असलं ध्यान बघून मीही म्हटलं असतं, कुणीतरी सोडून दिलंय. इथपर्यंत स्वतःची समजूत घालून झाली. टोचणी आहे तिथेच आहे.

म्हणजे ती त्या प्रश्नाचीच.

तसा मिशिगनमध्ये हा प्रश्न जगावेगळा नाही. इथे घर घेतलं की मागच्या शेडमध्ये बोट निघते, तळघरात हरणाची शिंगं निघतात. आमच्या घराबरोबर तर पियानो आला होता, तो न्यायला माणसं मिळेनात म्हणून दोन दिवाळ्या त्यावर फराळाचे डबे ठेवले. रॉनलाही त्याने हेच विचारलं असतं. असतं का? हाच तो किडा. एकदा वळवळायला लागला की थांबत नाही.

त्या माणसाच्या नाकासमोर भिंतीवर हल कार्ड, म्हणजे बोटीचं कारखान्यातलं नोंदपत्र, लावलेलं आहे. व्हर्जिनियातल्या न्यूपोर्ट न्यूजच्या मरीनर्स म्युझियममध्ये क्रिस-क्राफ्टचं जुनं दप्तर आहे, तिथून मागवलेली प्रत. हल नंबर, इंजिन नंबर, कारखान्यातून निघाल्याची तारीख, पहिला डीलर. स्वतःच्या आजोबांची जन्मतारीख मला माहीत नाही, या बोटीची पाठ आहे. त्या कार्डाशेजारी कालनिर्णय. त्याने दोन्ही बघितलं आणि कालनिर्णयावरून अंदाज बांधला, असं मला वाटतं. का वाटतं, याला आधार शून्य. माणूस कदाचित चष्मा विसरला असेल.

मेधाला झोपण्याआधी शेवटी सांगितलंच. ती म्हणाली, “मग काय झालं? तू नाही म्हणालास ना?”

“प्रश्न तो नाहीये.”

“मग काय आहे?”

याचं उत्तर असतं तर मी या वेळी वही कशाला काढली असती. ती दिवा मालवताना म्हणाली, “मार्चपासून तुला सगळंच लागतं.” त्यावर मी काही बोललो नाही. इथेही लिहीत नाही.

दादाचाही फोन झाला, आईच्या खोलीबद्दल. त्याच्याजवळ सहज विषय काढला तर म्हणाला, “अडीच हजार म्हणजे दोन लाखांच्या वर की रे! देऊन टाक.” मिरजेत बसून भाव ठरवतोय. खोलीचं उद्या बोलू म्हटलं.

मघापासून डोक्यात एक वेगळंच चाललंय. अल्गोनॅक इथून तासाभरावर, सेंट क्लेअर नदीच्या काठी. १८७४ साली क्रिस स्मिथ नावाच्या तेरा वर्षांच्या पोराने तिथे पहिली होडी केली असं सांगतात, पुढे १९२२ मध्ये मुलांना घेऊन कंपनी काढली, आणि मग अर्ध्या अमेरिकेच्या तळ्यांवर त्यांच्या बोटी. याहून अस्सल इथलं काय असणार? पण फळ्या कुठल्या? फिलिपिन्सच्या. पॅसिफिक ओलांडून आलेलं लाकूड सत्तर वर्षं मिशिगनची शान म्हणून मिरवतंय, त्याला नाही कुणी विचारत, तू कुणाबरोबर आलास.

हे वाक्य पुन्हा वाचलं आणि मलाच हसू फुटलं. मंडळाच्या स्मरणिकेत काय शोभेल! बापट तर माईकवरून वाचून दाखवतील आणि डोळे पुसतील. लाकडाला काय पडलंय? त्याला ओल कळते आणि बुरशी कळते.

बापटांवरून आठवलं. मागे गणपतीत कुणीतरी बोटीचं विचारलं, तेव्हा उगाच चर्चा नको म्हणून मीच म्हटलं होतं, पडून होती, जवळजवळ फुकटात मिळाली. बापटांनी त्याचं पुढे ‘घराच्या सौद्यात बोट पटकावली’ असं करून टाकलं, आणि मी ते खोडलं नाही. उलट बरं वाटलं, व्यवहारचतुर वगैरे. म्हणजे आपल्या माणसांनी तेच म्हटलं की मी मिशांना पीळ देणार, आणि टोपीवाल्या म्हाताऱ्याने विचारलं की रात्र जागणार. छान आहे.

एक वाजला. बुचांनी मनगट धरलंय.

मंगळवार

गारठा पडायला लागला. गराजमध्ये हीटर लावल्याशिवाय आता स्टेनचं काही खरं नाही, आणि व्हार्निश तर दहा अंशांच्या खाली नीट सुकतच नाही. इंडियन ग्रोसरीतून आणलेल्या बासमतीच्या गोणपाटाच्या पिशव्या साठवून ठेवल्यात. स्टेन दाट असतो, तो ब्रशने लावून रेषांना आडवा गोणपाटाने चोळून जिरवायचा, म्हणजे लाकडाच्या रंध्रांत भरतो. रॉनला त्या पिशव्या फार आवडल्या, हत्तीचं चित्र असलेली एक घेऊन गेला.

आज फळ्यांना हात लावला नाही. बो लाईट, म्हणजे बोटीच्या नाकावरचा दिवा, साफ करायला घेतला. एकाच क्रोमच्या घरात दोन काचा, डावीकडे लाल, उजवीकडे हिरवी. लाल ठणठणीत. हिरवी आधीपासून तडकलेली, ती आज पुसता पुसता दोन तुकड्यांत आली. नेटवर मिळतात त्या प्लास्टिकच्या, आणि त्यांचा हिरवा रंग बघवत नाही, लिमलेटच्या गोळीचा. तासभर शोधलं. मग नजर गेली पान्याखालच्या कागदाकडे.

म्हटलं, जो माणूस इंजिन आणि क्रोम काढून घेऊन बोटी मोडतो, त्याच्याकडे काचा नसतील तर कुणाकडे असतील?

आणि मग इकडेतिकडे बघितलं. माझ्या बोटीचं स्टिअरिंग व्हील ओहायोत मोडलेल्या एका बोटीचं. विंडशील्डचे कंस कुठल्यातरी दुसऱ्याच रिव्हिएराचे. मागची खुंटाळी तिसरीकडची. हे सगळं मला पाठवणारे लोक याच जातीचे, कुणाच्यातरी गराजमध्ये डोकावून ‘जागा मोकळी करायची असेल तर’ म्हणणारे. त्यांच्याशी तर मी किती गोड बोललोय. त्यातली एखादी बोट खरंच कुणाच्या घराबरोबर आलेली असणार, आणि त्या बिचाऱ्यांना ती नको असणार. माझ्या बोटीला मी हे सांगितलेलं नाही.

फोन केला. मी नाव सांगायच्या आत म्हणाला, “रिव्हिएरा! ठरवलंत का काही?” मी म्हटलं, विकायची नाहीये, हिरवी काच आहे का? थोडा वेळ शांतता. मग कॉफीचे पत्र्याचे डबे वाजल्याचा आवाज, बराच वेळ, आणि मग, “आहे. काचेचीच. चाळीस.” मी तीस म्हटलं. पस्तीसवर तुटलं. मिरजेच्या भाजी मंडईतली घासाघीस मी विसरलेलो नाही, हे बघून बरं वाटलं. पोर्ट ह्युरॉनला राहतो, येऊन घेऊन जा म्हणाला.

फोन ठेवता ठेवता म्हणाला, “बुचांच्या रेषा जुळवताय तुम्ही. बघितलं मी. हल्ली कुणी करत नाही एवढं.”

मी काही बोलणार तोच पुढे म्हणाला, “तळात काय घातलंत?”

“५२००.”

“हं,” म्हणाला.

मी थांबलो. पुढे काहीच नाही. पत्ता सांगितला, शनिवारी दहानंतर या म्हणाला आणि फोन ठेवला.

हं म्हणजे काय? मेधाला तो आवाज काढून दाखवला. ती म्हणाली, हं म्हणजे हं. असं कसं असेल? एक हं ‘बरं केलंत’चा असतो आणि एक ‘वाटलंच होतं’चा. हा दुसरा होता. तळ माझा, हिवाळा माझा, बोटांना लागलेलं ते पांढरं अजून नखांच्या कडेला आहे, आणि हा पोर्ट ह्युरॉनमध्ये डब्यांच्या राशीत बसून हं करणार! शनिवारी पस्तीस डॉलर हातात ठेवायच्या आधी विचारणार आहे त्याला.