एकच फूल पुन्हा पुन्हा, त्यात शिकायचं काय?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. मी नाशकात टेक्स्टाइल डिझाइन शिकवते आणि प्रवेशाच्या दिवसांत पालकांचा हा प्रश्न ठरलेला: एक फूल काढलं की पुढचं कॉम्प्युटरच करतो ना, मग रिपीट, म्हणजे नक्षीचा पुन्हा पुन्हा येणारा तुकडा, शिकण्यात अख्खं सत्र कशाला घालवायचं?

कॉम्प्युटर फुलाच्या प्रती काढून देतो, हे खरं. पण कापड लांबून बघा. फुलाआधी नजरेत भरते ती दोन फुलांमधली मोकळी जागा. फुलं सरळ रांगेत मांडली, की या जागा एकमेकींना जुळतात आणि कापडभर आडवे पट्टे उठतात. कागदावर ते कळतही नाहीत. पडदा शिवून खिडकीला लावला की दुसरं काही दिसत नाही. यावरचा जुना उपाय म्हणजे हाफ ड्रॉप. शेजारचा उभा रकाना अर्ध्या रिपीटने खाली सरकवायचा. आडवी रांग मोडते, पण आता तिरके पट्टे उठायची भीती. मग एखादं फूल वळवायचं, एखादं पान लांबवायचं. हे ठरवायला सवयीची नजरच लागते आणि ती घडवायला वेळ द्यावाच लागतो.

यात गणितही आहे, आणि मला ते फार सुंदर वाटतं. सपाट पृष्ठभागावर दोन दिशांनी पसरणाऱ्या नक्षीत सममितीचे, म्हणजे नक्षी सरकवून, फिरवून किंवा आरशात उलटवून तशीच दिसण्याचे, प्रकार फक्त १७. येवग्राफ फ्योदोरोव या रशियन स्फटिकशास्त्रज्ञाने १८९१ मध्ये ते सिद्ध केलं. काठासारख्या एकाच दिशेने जाणाऱ्या पट्टीत तर ७च. वर्गात हे आकडे कोरडे वाटतात, म्हणून मी मुलींना येवल्याला नेते. पैठणीच्या मुनिया काठातले पोपट एकामागून एक निघाले असतील, तर नक्षी नुसती पुढे सरकते; समोरासमोर आले, की मध्ये आरसा आला. पैठणीच्या काठाशी बसून हे एकदा ओळखता आलं, की पुन्हा समजावावं लागत नाही.

मागावर उभ्या-आडव्या धाग्यांची चौकट असते. त्यामुळे मधमाशांच्या पोळ्यासारखी षटकोनी जाळी तिथे तंतोतंत बसत नाही. धागे मोजत, पायरीपायरीने तिच्या जवळ जावं लागतं. छपाईत ही अडचण नाही, पण तिथे दुसरं बंधन आहे. रोटरी छपाईत नक्षी उमटवणारी स्क्रीन म्हणजे फिरतं नळकांडं; नेहमीच्या स्क्रीनचा घेर ६४ सेंटिमीटर. म्हणजे रिपीटच्या उंचीने ६४ला नि:शेष भाग जायला हवा: ३२ चालेल, १६ चालेल. ३० घेतली, तर प्रत्येक फेऱ्याला कुठलं तरी फूल मध्येच कापलं जाणार.

घरी करून बघायचं असेल, तर चौकोनी कागदाच्या मध्यभागी नक्षी काढा, कडा मोकळ्या ठेवा. कागद उभा मधोमध कापून डावा तुकडा उजवीकडे चिकटवा. मध्ये रिकामी जागा येईल, ती भरा. वरची-खालची कड अजून मोकळीच राहू द्या. मग आडवा कापून वरचा तुकडा खाली घ्या, पुन्हा भरा. आता चारही कडा एकमेकींना जुळतात. या तुकड्याच्या आठ-दहा झेरॉक्स काढून भिंतीवर जोडून लावा आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बघा. पट्टा दिसला, तर कुठलं पान हलवायचं ते तिथूनच ठरवा.