ओ फॉर्म आणि परत आलेल्या अकरा फिल्म

ग्वाल्हेरजवळच्या घाटीगावकडची सँडस्टोनची खदान, 26 कामगार, आणि सगळ्यांचं मेडिकल एका आठवड्यात उरकायचं असा माझा हिशोब होता. लागले सात आठवडे. त्यातले पाच नुसत्या छातीच्या एक्स-रेत गेले. बाकीची कामं सरळ आहेत, त्यामुळे त्यांच्याबद्दल फार लिहिणार नाही.

आम्ही हे केलं ते खाण नियम 1955 मधल्या 29-बी प्रमाणे: कामावर घेण्याआधी एकदा, मग दर पाच वर्षांनी. निकाल ओ फॉर्मवर येतो. फोटो, अंगठा, ओळखखूण आणि कामगारांच्या रजिस्टरातला, म्हणजे बी फॉर्मचा, नंबर आधीच भरून न्या. आधारवरचं नाव आणि रजिस्टरातलं नाव घरी बसूनच जुळवून घ्या, काउंटरवर नाही. प्रशिक्षणाचे दाखले, हेल्मेट, बूट यांत दोन दिवस गेले. त्यात सांगण्यासारखं काही घडलं नाही.

आता एक्स-रे.

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातलं एक सेंटर स्वस्त पडलं. 26 जणांची फिल्म एका दुपारीत काढून दिली, प्रत्येकावर 'चेस्ट नॉर्मल' असा रिपोर्ट. मी खूश. तपासणाऱ्या डॉक्टरांनी गठ्ठा बघितला आणि न वाचताच बाजूला ठेवला. फिल्म आठ बाय दहा इंचाची होती, पूर्ण छाती आक्रसून छापलेली. सिलिकोसिस, म्हणजे दगडाच्या धुळीनं होणारा फुप्फुसाचा आजार, त्याच्या सुरुवातीच्या गाठी दीड मिलिमीटरच्या आतल्याही असू शकतात. छाप लहान केला की त्या दिसणारच नाहीत. त्यांना हवी होती 14 बाय 17 इंचाची फिल्म, नाहीतर मूळ डायकॉम फाइलची (मशीनमधल्या डिजिटल एक्स-रेची) सीडी. शिवाय 'नॉर्मल' हा शब्द त्यांच्या कामाचाच नव्हता. धुळीच्या आजारासाठी फिल्म आयएलओच्या (आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या) नमुना फिल्मशेजारी ठेवून वाचतात आणि गाठी किती दाट आहेत त्याचा 0/0, 0/1, 1/0 असा दर्जा लिहितात, एकूण बारा पायऱ्या. साध्या रिपोर्टमध्ये हे नसतंच.

सीडीसाठी सेंटरवर गेलो. "साहब, रिपोर्ट तो नॉर्मल है, सीडी का क्या करोगे?" दुसऱ्या खेपेला ऑपरेटर रजेवर. तिसऱ्या खेपेला कळलं की मशीनचा जुना डेटा दुसऱ्या कॉम्प्युटरवर हलवलाय आणि त्याचा पासवर्ड मालकाकडे आहे. दहा दिवस! पैसे देण्याआधी सीडीचं लेखी ठरवून घ्या, हे मला तेव्हा कोणी सांगितलं नव्हतं.

सीडी मिळाल्यावर 15 वाचता आल्या, 11 परत. कारणं लिहून मागितली, आणि तेवढं एक शहाणपणाचं काम माझ्या हातून झालं. सहांचा श्वास अर्धवट, तिघांची खांद्याची हाडं फुप्फुसावर, दोघांचे ताईत ऐन छातीवर.

श्वासाचं असं आहे की फुप्फुस पूर्ण फुगलं नाही तर शिरा जवळ येतात आणि खालच्या भागात धुकं दिसतं. वाचणाऱ्याला ते धूळ वाटू शकतं, किंवा खरी गाठ त्यात लपते. पाठीमागच्या दहा बरगड्या छाती आणि पोट यांमधल्या पडद्याच्या वर मोजता आल्या तर श्वास पुरेसा होता असं समजा. ऑपरेटर "सांस भरो, रोको" म्हणतो आणि त्याच सेकंदाला बटण दाबतो. आमची माणसं प्लेटला छाती टेकवून भिंतीकडे तोंड करून उभी, त्यांना ते नीट ऐकूही येत नाही. शेवटी मुकादमानं खदानीवरच तालीम घेतली: "कुएँ में डुबकी मारने से पहले जैसी भरते हो, वैसी." एका वाक्यात काम झालं. मी अर्धा तास छातीचं चित्र दाखवून जे सांगत होतो ते बिनकामाचं होतं.

खांद्याच्या हाडांसाठी हात कमरेवर, तळवे बाहेर, कोपर पुढे ढकलायचे, म्हणजे हाड फुप्फुसावरून बाजूला सरकतं. फिल्म उभ्यानं, पाठीकडून, नळीपासून सुमारे 180 सेंटिमीटरवरून काढतात. एक्स्पोजर जास्त झालं की बारीक गाठी काळ्यात बुडतात, कमी झालं की नसलेल्या दिसायला लागतात. ताईत काढायला सांगताना जरा मानानं सांगा. आम्ही मुकादमाच्या हातात एक स्वच्छ रुमाल दिला, ज्याचा त्यानं त्यात ठेवला आणि बाहेर आल्यावर परत बांधला. खिशातलं विडीचं बंडल आणि गुटख्याची पुडीही काढायची. पुडीला आतून चमकी असते.

दुसऱ्या फेरीसाठी सेंटर बदललं. तरी चार परत आल्या, सगळ्या श्वासाच्याच. तिसऱ्या वेळी मी आणि मुकादम दाराशी उभे राहिलो.

एक गोष्ट आधीच लिहायला हवी होती. एक्स-रेच्या चिठ्ठीवर काम आणि वर्षं लिहा: 'दगड कापणे, 14 वर्षं'. आमच्याकडे सहरिया या आदिवासी समाजातले कामगार बरेच आहेत आणि त्या समाजात क्षयाचं प्रमाण जास्त आहे. सिलिकोसिसच्या गाठी बहुधा फुप्फुसाच्या वरच्या भागात, क्षयाची सावलीही बहुधा तिथेच. काम माहीत नसलेला डॉक्टर सरळ टीबी लिहून मोकळा होतो. उलटंही होतं, आणि दोन्ही एकत्रही असतात, कारण सिलिकामुळे क्षयाचा धोका वाढतो. म्हणून थुंकीची तपासणी सोडू नका आणि कामाचा इतिहासही सोडू नका.

कानाची तपासणी आम्ही मूर्खासारखी शिफ्टनंतर ठेवली. कटरच्या आवाजानं कान काही तास बधिर असतात, त्यामुळे तपासणीच्या आलेखात 4000 हर्ट्झजवळ खड्डा दिसतो आणि तो कायमचा आहे की तात्पुरता ते कळत नाही. आधी निदान 14 तास शांतता हवी. साप्ताहिक सुटीनंतरची सकाळ धरा, ट्रॅक्टर-ट्रॉलीनं आणू नका, आणि लग्नसराईत डीजेच्या मांडवातून उठून आलेल्याला परत पाठवा.

फुंकण्याच्या तपासणीत (स्पायरोमेट्री, फुप्फुसात किती हवा मावते आणि किती जोरात निघते ते मोजतात) नाकाला चिमटा, बूट काढून मोजलेली उंची, आणि किमान तीन नीट फुंकी. त्यातल्या चांगल्या दोनमधला फरक 150 मिलिलिटरच्या आत. फुंकत राहायचं सहा सेकंद. बहुतेक जण दोनला सोडतात. तासभर आधी विडी बंद.

हे सगळं धूळ आत गेल्यानंतरचं. धूळ थांबवायची तर कटरच्या पात्यावर पाणी, तेही पातं दगडाला लागायच्या आधीपासून. गमछा उपयोगाचा नाही. फुप्फुसाच्या तळाशी जाणारे कण साधारण 5 मायक्रॉनच्या आतले असतात. आयएस 9473 चा एफएफपी 2 मास्क घ्या, पण दाढीवर तो बसत नाही, कडेनं हवा आत येते. कपडे कॉम्प्रेसरच्या हवेनं झाडणं बंद करा.

अमेरिकेच्या नायॉश संस्थेचं इव्हेड नावाचं सॉफ्टवेअर फुकट आहे. हेल्मेटवरचा कॅमेरा आणि अंगावरचा धूळमापक यांची नोंद ते एकत्र दाखवतं. कोणत्या क्षणी, कोणती हालचाल करताना धूळ चढली ते कळतं. पण तसा मापक स्वस्त नाही. आम्ही गरीब माणसाचा उपाय केला. संध्याकाळी कटरच्या पलीकडे सूर्य ठेवून फोननं शूटिंग केलं, एकदा पाण्याशिवाय, एकदा पाण्यासह. एरवी न दिसणारी धूळ उन्हात धुरासारखी चमकते आणि थेट कापणाऱ्याच्या तोंडाकडे जाते. जेवणाच्या सुटीत ते दाखवलं. भिंतीवरची पोस्टर वर्षभर लटकत होती, त्यांना कोणी विचारत नव्हतं. दुसऱ्या दिवशी पाण्याची नळी सुटली तेव्हा कापणाऱ्यानं स्वतः मशीन बंद केलं.

आणि हो, सीडीच्या दोन प्रती घ्या, एक कामगाराच्या हातात. तो उद्या दुसऱ्या खदानीवर गेला की आपल्या कपाटातली फाइल त्याच्या काय कामाची? आजार निघाला तर आधीची फिल्म हाच पुरावा. आमच्या एकानं ती पिठाच्या डब्यात ठेवली आहे. दुसऱ्या प्रतीचे पैसे सेंटरनं वेगळे लावले, तेही प्रत्येक माणसामागे.