सराफ्यातून परतल्यावरचा ब्रश

इंदुरात सकाळी दात न घासता पोह्यांच्या बशीला हात लावणारा माणूस शोधून सापडायचा नाही. घोटाळा होतो तो रात्री. सराफ्यातली सोन्याचांदीची दुकानं मिटली की खाण्याची मांडली जातात, आणि भुट्ट्याचा कीस, गराडू असं करत करत शेवटी रबडी-जलेबा किंवा मावाबाटी खाऊन मंडळी साडेबाराला घरी येतात, ती थेट गादीवर. दातांसाठी याहून वाईट वेळ नाही.

सगळा खेळ लाळेचा आहे. तोंडातले जंतू साखर खातात आणि आम्ल सोडतात. पीएच, म्हणजे आम्लतेचं माप (आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त), साधारण साडेपाचच्या खाली उतरला की दाताच्या कवचातून, म्हणजे इनॅमलमधून, क्षार निघायला लागतात. जागेपणी लाळ हे आम्ल अर्ध्या-पाऊण तासात निवळवते आणि गेलेले क्षार थोडेथोडे परत बसवते. झोपेत लाळ फारच कमी सुटते, त्यामुळे दाढेच्या खाचेत बसलेला पाक निवांतपणे काम करत राहतो. दोन्ही वेळा घासायचेच आहेत, पण एखाद्या दिवशी एकच ब्रश नीट होणार असेल तर तो रात्रीचा असू द्या. आणि गोड खायचंच तर एका बैठकीत खाऊन मोकळे व्हा. तेवढंच गोड दिवसभर चघळलं तर प्रत्येक वेळी आम्लाचा नवा फेरा सुरू होतो.

सकाळी पोह्यांआधी ब्रश करायची आपली सवय मात्र शहाणपणाची आहे. पोह्यांवर लिंबू पिळलेलं असतं, आंबट खाल्ल्यावर इनॅमल थोडा वेळ मऊ पडतं, आणि त्यावर लगेच ब्रश फिरवला तर ते झिजतं. राहिलाच ब्रश, तर खाल्ल्यावर अर्धा तास थांबा.

ब्रश सॉफ्टच घ्या. ‘हार्ड’ने दात जास्त स्वच्छ होत नाहीत, हिरड्या मात्र मागे सरकतात आणि दाताच्या मानेशी, म्हणजे हिरडीलगत, खाच पडते. केस दात आणि हिरडी जिथे मिळतात तिथे तिरके टेकवा, जागच्या जागी हलकेच हलवा, मग हिरडीकडून दाताच्या टोकाकडे झटका. एकूण दोन मिनिटं. घड्याळ लावून बघाच एकदा, कारण बहुतेकांचा हात त्याच्या कितीतरी आधी थांबतो. खालच्या पुढच्या दातांची आतली बाजू हमखास राहते. जिभेखाली लाळेच्या नळ्या तिथेच उघडतात, लाळेतले क्षार दातावरच्या थरात बसतात आणि त्याचा दगड होतो. आत्ता जीभ फिरवून पाहा. खरखरीत लागलं तर तो ब्रशने निघायचा नाही, स्केलिंगच, म्हणजे दाताच्या डॉक्टरांकडून तो दगड काढून घेणं, करावं लागेल. स्केलिंगने दात हलायला लागतात असं म्हणतात, ते उलट आहे: दगडाखाली हाड आधीच झिजलेलं असतं, दगड निघाल्यावर ते कळतं एवढंच. हिरडीतून रक्त येतं म्हणून ब्रश बंद करणं ही तसलीच चूक. रक्त साचलेल्या थरामुळे येतं. हलक्या हाताने घासत राहा. दोन आठवड्यांत थांबलं नाही तर दाखवा.

पेस्ट थुंका, पण लगेच खळखळून चूळ भरू नका, नाहीतर पेस्टमधलं कीड रोखणारं फ्लोराइड वाहून जातं. डब्यावर फ्लोराइड लिहिलंय का तेही वाचा. पुष्कळशा ‘हर्बल’ पेस्टमध्ये ते नसतंच. दोन दातांच्या मधे ब्रश पोचत नाही. तिथे हातभर फ्लॉस, म्हणजे दातांच्या फटीत घालायचा धागा, घ्या, दाताला कवळून हिरडीपर्यंत न्या आणि वर ओढा. शेव अडकली म्हणून टाचणी किंवा सेफ्टीपिन घालू नका.

लहान मुलांना पहिला दात आला की ब्रश सुरू. तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट, तीन ते सहा वाटाण्याएवढी, कारण ती गिळतात. धार-झाबुआकडच्या काही गावांत बोअरच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त आहे आणि मुलांच्या दातांवर पांढरे-तपकिरी डाग पडतात. तिथे पाणी तपासून घ्या आणि पेस्ट डॉक्टरांना विचारून ठरवा. सात-आठ वर्षांपर्यंत आईबाबांपैकी कुणीतरी मुलाच्या मागे उभं राहून, त्याचं डोकं पोटाशी टेकवून, ओठ वर करून घासून द्यावं. दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपवलं तर वरचे पुढचे दात आधी किडतात. खालच्यांवर जिभेचं पांघरूण असतं.

सगळ्यात जास्त फसगत होते ती सहाव्या वर्षी. शेवटच्या दुधाच्या दाढेमागे, काहीही न पडता, एक नवी दाढ येते. घरचे म्हणतात, ‘दुधाचीच आहे, पडेल.’ ती कायमची असते. तिच्या खाचा खोल असतात आणि ती अर्धी वर आलेली असताना ब्रश तिच्यावरून नुसता घसरतो. त्या काळात ब्रश गालाकडून आडवा घालून तेवढीच दाढ वेगळी घासा. खाचा बुजवणारं सीलंटही मिळतं, ते जरूर विचारा.

आजी-आजोबांच्या हिरड्या उतरल्या की दाताचं मूळ उघडं पडतं, आणि त्याच्यावर इनॅमल नसतं. त्यात काही औषधांनी तोंड कोरडं पडतं, मग कीड मुळाशी धरते. मधुमेह असेल तर हिरड्या लवकर बिघडतात आणि बिघडलेल्या हिरड्यांमुळे साखरही आवरत नाही. कवळी पेस्टने नव्हे, साबणाने घासा. पेस्टने ओरखडे पडतात. उकळतं पाणी नको, ती वाकडी होते. धुताना खाली पाण्याचं घमेलं ठेवा, म्हणजे हातातून निसटली तरी फुटत नाही. रात्री काढून साध्या पाण्यात ठेवायची.

राहिली सुपारी. मध्य प्रदेशात 2012 पासून गुटख्यावर बंदी आहे, पण पानमसाला आणि तंबाखू वेगवेगळ्या पुड्यांत घेऊन तोच माल तळहातावर तयार होतो. तंबाखू नसलेली सुपारीही निरुपद्रवी नाही. तिने गालाची आतली कातडी ताठरते आणि तोंड उघडणं हळूहळू कमी होत जातं. तिखट झोंबायला लागणं ही पहिली खूण. आपली तीन बोटं एकावर एक उभी धरून समोरच्या दातांमधे जातात का बघा. जात नसतील, किंवा तोंडातला व्रण, पांढरा-लाल चट्टा दोन आठवड्यांत भरला नसेल, तर इंदूरच्या सरकारी दंत महाविद्यालयात किंवा आपल्या नेहमीच्या दाताच्या डॉक्टरांकडे त्याच आठवड्यात जा, आणि सुपारी किती वर्षं खाताय ते खरं सांगा.